पूर्वेला तोंड करून उभी गाडी

आमच्या गेटसमोर गाडी लावू नका, एवढंच माझं म्हणणं होतं. यात काही वेदान्त नव्हता. पस्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, ज्यांना धड मराठी येत नव्हतं त्या पोरांच्याही डोक्यात रूपं उतरवली. पण हे एवढं एक वाक्य शेजारच्या माणसाच्या डोक्यात उतरवता उतरवता माझे चार महिने गेले आणि तरी ते उतरलं नाही ते नाहीच. आजही आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

मी मूळचा अकोल्याचा, जुन्या शहरातला. आमच्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या की एकाला कोणाच्या तरी ओट्यावर चढावं लागे. नोकरी अमरावतीला लागली, प्लॉट घेतला, घर बांधलं, तेव्हा नकाशावाल्याला मी एकच गोष्ट दहादा बजावली होती, की बाबा, गाडी सरळ आत आली पाहिजे. गेट रुंद ठेवलं. नालीवर फरशी टाकून रस्त्यापर्यंत उतार केला. त्या उताराचा मला अभिमान होता म्हणा ना. लोकांना बंगल्याचा असतो, मला उताराचा.

मागच्या श्रावणात बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला. बोलणं वाचलं, एवढं देवानं ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, पहिले सहा महिने महत्त्वाचे. या सहा महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं आपलं. नंतर फार आशा धरू नका." रोज सकाळी अकराला व्यायामाच्या केंद्रात न्यायचं. तिथं दोन बाजूंना लोखंडी दांडे, मध्ये हिला उभं करायचं आणि चालवायचं. ते दांडे, ती मशीनं काही घरी येत नाहीत, म्हणून आपणच जायचं. मुलगी अकोल्याला कॉलेजात शिकवते, ती रविवारी येई. बाकी सहा दिवस मी एकटा.

माझा क्रम ठरलेला होता. साडेदहाला तिचे बूट घालायचे, पट्टे आवळायचे. व्हरांड्याच्या पायऱ्या मी बुजवून घेतल्या होत्या, तिथून तिला धरून पोर्चमध्ये उभ्या असलेल्या आमच्या लहानशा गाडीपर्यंत आणायचं. आधी उजवा पाय, मग डावा ओढायचा. तिला बसवायचं, काठी मागे ठेवायची आणि गाडी मागे घेत गेटबाहेर काढायची. आणि गेटबाहेर काय? पांढरी, भलीमोठी, धुऊन पुसून चकचकीत केलेली शेजाऱ्यांची गाडी, आडवी.

शेजारी नवे. अक्षयतृतीयेला राहायला आले, म्हणजे बायकोच्या आजारपणाच्या आधी दोन-तीन महिने. नांदगाव खंडेश्वरकडचे, चांगली काळी जमीन, तूर, सोयाबीन, संत्री. मुलगी अकरावीला, तिच्या शिकवणीसाठी अमरावतीत घर घेतलं. नवरा, बायको, ती मुलगी आणि त्याची म्हातारी आई. त्यांची वास्तुशांत मीच केली. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीत मी पूजा सांगतो, आणि शेजारधर्म म्हणून आनंदाने केली. माणसं चांगली. हीच तर खरी पंचाईत. वाईट माणसाशी भांडता तरी येतं!

त्यांना पोर्च नव्हता असं नाही. चांगला मोठा होता. पण त्यात तुरी वाळत पडलेल्या, मिरच्या पसरलेल्या, म्हातारीची खाट टाकलेली. गाडी मात्र रस्त्यावर. आणि त्यांच्या गेटलगत विजेची डीपी, तिथं रस्त्याकडेला गाडी पुरी बसत नाही. म्हणून ती सरकायची पुढे आणि तिचं अख्खं पुढचं अंग आमच्या उतारावर.

पहिल्यांदा मी हॉर्न वाजवला. दोनदा, तीनदा. शेजारीण पदराला हात पुसत बाहेर आली.

"अजी गुरुजी, चाबी त यायच्यापाशी हाये."

"ते कुठं आहेत?"

"वावरात गेले न सकाळीच. फटफटीनं."

आता सांगा! माणूस वावरात जातो मोटरसायकलने, आणि गाडीची चाबी नेतो खिशात घालून. कावून? तर म्हणे सवय हाये. मी फोन लावला. तिकडून पंपाचा आवाज, आणि हा तासाभराच्या अंतरावरून मला म्हणतो, "आलोच गुरुजी, पाच मिनटात!" मी आत बघितलं. बायको गाडीत बसलेली, बूट घातलेले, केस नीट बांधलेले. ती म्हणाली, "राहू द्या. आज नको." तिला बसवायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या दुप्पट वेळ लावून मी तिला परत आत नेलं.

संध्याकाळी तो आला, हात जोडले. "चुकलं गुरुजी, उद्यापासून नाई होनार." दुसऱ्या दिवशी खरंच गाडी नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी तो गाडीनेच कुठं लग्नाला गेला होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच गाडी, तीच जागा, इंचभर इकडे नाही की तिकडे नाही.

मग मी पाटी केली. पत्र्यावर पांढरा रंग देऊन, लाल अक्षरात, "गेटसमोर वाहन लावू नये". माझं अक्षर चांगलं आहे, फळ्यावर आयुष्य गेलं. पाटी गेटला लटकवत होतो तेव्हा शेजारी समोरच उभा. मला वाटलं, वाचेल, शरमेल. तर हा म्हणतो, "बरं केलं गुरुजी. कोनीबी येते न लावते अथी. आता नाई लावनार कोनी." आणि ते बोलताना एक हात स्वतःच्या गाडीवर ठेवलेला! त्याची मुलगी म्हणाली, "गुरुजी, अक्षर लय सुंदर हाये." मी तिथंच उभा, हातोडी हातात. पाटी परक्यांसाठी, आपण तर घरचेच, असा त्यांचा सरळ हिशेब. गावाकडे असंच असतं, मला काय माहीत नाही? तिथं कोणाची बैलगाडी कोणाच्या दारात सुटते आणि कोणाचं कडब्याचं कुटार कोणाच्या अंगणात पडतं, कोणी विचारत नाही. विचारलं तर माणूस दुखावतो. पण इथं माझ्या बायकोचा पाय दिवसेंदिवस लाकूड होऊन राहिला होता, त्याचं काय?

भांडायला म्हणून मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा हातात वाटी घेऊन परत आलो. एकदा तुरीच्या दाण्यांची आमटी, एकदा हुरडा. म्हातारी म्हणे, "काकूले द्या, गरम गरम खा लागते." आता तोंडात हुरडा असताना माणूस काय डोंबल भांडणार? घरी आलो की बायको हसायची. "झालं भांडण?" मी म्हणायचो, "खा तू." लेआउटच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, सेक्रेटरीकडे गेलो, तर ते म्हणाले, "तुमचे त्यांचे संबंध चांगले आहेत, समजुतीनं घ्या." समजूत! सगळी समजूत मीच घ्यायची, बाकीच्यांनी फक्त गाडी लावायची.

दिवाळीपर्यंत आठवड्यातले दोन-तीन दिवस बुडू लागले. मार्गशीर्षात एकदा केंद्रातली डॉक्टरीण, मुलीच्या वयाची पोर, मला चक्क रागावली. "काका, पेशंट पुढे जाण्याऐवजी मागे येतोय. गेल्या महिन्यात काकू पाच पावलं विनाआधार टाकत होत्या, आज दोन. तुमच्याकडे कारण काय आहे?" कारण काय सांगू? गेटसमोर गाडी असते म्हणून माझ्या बायकोचा पाय जातोय, हे तोंडातून बाहेर येताना मलाच मूर्खासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात तो दिवस आला. गाडी आडवी, चाबी वावरात, फोन लागत नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, आज काही झालं तरी न्यायचंच. ऑटोवाल्याला बोलावून रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. त्या गाडीची आमच्याकडची बाजू आणि आमच्या गेटचा खांब यांच्यात हातभर फट होती, त्यातून तिला बाहेर काढायचं ठरवलं. ती म्हणाली, "अहो, नाही जमणार." मी म्हटलं, "जमेल. मी आहे ना."

उतारावर आलो. तिचा उजवा पाय पुढे, डावा मागे अडकलेला, माझा हात तिच्या दंडाला. आणि फटीतून जाताना माझ्या सदऱ्याची बाही त्या गाडीच्या आरशाला अडकली. एवढंच निमित्त. चार महिन्यांचा सगळा राग उसळला. मी तिचा हात सोडला आणि त्या बोनेटवर दणकन थाप मारली. एक नाही, दोन. शिवीही दिली, जी मी आयुष्यात कधी विद्यार्थ्यांनाही दिली नव्हती. मागे वळलो तर बायको उतारावर आडवी पडलेली होती.

ती ओरडली नाही. शेजारीणच ओरडली, "मायबाई!" आणि कणकेच्या हातांनी धावत आली. तिनं खाली बसून आधी विचारलं, "कुठी लागलं काकू?" मग बगलेत हात घालून, स्वतःच्या गुडघ्यावर तोलून तिला उठवलं आणि सावकाश आत नेलं. मी मागून काठी घेऊन गेलो. गुडघा सोलला होता, मनगट सुजलं होतं. हाड शाबूत होतं, हेच नशीब.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ठरवून गेलो होतो की आज वाटी घ्यायची नाही. जे जे तोंडाला आलं ते बोललो. माणुसकी, अक्कल, कायदा, पोलीस, सगळं काढलं. शेजारी मान खाली घालून ऐकत होता. त्याची बायको दाराशी उभी राहून डोळे पुसत होती. शेवटी मी म्हटलं, "एवढा पोर्च आहे, त्यात तुरी वाळवता आणि गाडी माझ्या उरावर! का? कारण सांगा मला!"

खाटेवरून म्हातारी म्हणाली, "अजी गुरुजी, तुमीच त सांगतलं."

"मी काय सांगितलं?"

"गाडीचं तोंड पूर्वेले ठेवजा म्हने. दुसरीकडे नोको म्हने."

मला आठवेना. मग आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. वास्तुशांतीच्या दिवशी दुपारचे तीन वाजले होते, मी उपाशी, पंगतीत पुरणाचा वास सुटलेला. त्यांची नवी गाडी दारात होती, चाकाखाली लिंबं ठेवून तिची पूजाही केली. जाता जाता त्यानं विचारलं, गुरुजी, गाडी कशी लावत जाऊ? आणि मी पानाकडे बघत म्हटलं होतं, तोंड पूर्वेला असू द्या, दुसरीकडे नको. कुठल्या ग्रंथात आहे हे? कुठल्याच नाही! बैलगाडीचं नाही, रथाचं नाही, या पांढऱ्या गाडीचं तर नाहीच नाही. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं होतं. आणि त्यांच्या पोर्चमध्ये गाडी लावली की तोंड होतं उत्तरेला. पूर्वेला तोंड करायचं तर रस्त्यावरच लावावी लागते, आणि डीपी चुकवायची तर आमच्या उतारावरच.

शेजारी हळूच म्हणाला, "पहिली गाडी मूर्तिजापूरच्या रस्त्यानं पलटी झाली होती गुरुजी. तीन महिने खाटेवर होतो मी. मंग नव्या गाडीले तुमचा शब्द पाळला. थ्या दिवसापासून एक खरोच नाई. काकूसाठी जीव तुटे, पन मनलं, गुरुजीचा शब्द कसा मोडावं? रोज वाटे, आज गुरुजीच म्हनतीन, लाव बाप्पा आत. तुमी फक्त हटव म्हनत होते."

आपलेच दात अन् आपलेच ओठ. खरं तर तिथं एकच वाक्य बोलायला पाहिजे होतं, की बाबा रे, ते मी असंच बोललो होतो, त्याला काही आधार नाही. म्हातारी माझ्याकडे बघत होती. पोरगी बघत होती. जीभ वळली नाही माझी. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "उत्तरही चालते. उत्तर कुबेराची दिशा. पूर्वेहून चांगली, बघायला गेलं तर."

"उत्तर चालते?"

"उत्तम."

तो उठला, तुरी गोळा केल्या, खाट आत नेली आणि तासाभरात गाडी पोर्चमध्ये गेली, तोंड उत्तरेला करून. चार महिने ज्यासाठी मी घसा फोडला, पाटी रंगवली, सेक्रेटरीचे उंबरठे झिजवले, ते एका वाक्यात झालं. दुसऱ्या दिवशी मलाच बोलावून गाडीसमोर नारळ फोडायला लावला. फोडला मी. काय करता?

तर गेट मोकळं झालं. रस्ता आमचा, उतार आमचा. पहिल्या दिवशी बायको म्हणाली, "मनगट दुखतंय, आज नको." ठीक आहे. दुसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी ऊन होतं. पौषात ऊन! मनगटाची सूज उतरली, गुडघ्याची खपली पडली, तरी आज नको, उद्या बघू. डॉक्टरांनी सांगितलेल्या सहा महिन्यांतले आता अठरा दिवस उरले होते. एक दिवस मी बूट आणून तिच्यासमोर आदळले आणि ओरडलो.

"आता काय अडचण आहे? गाडी हटली ना? समोर बघ, काही आहे का तिथं?"

तिनं खिडकीतून मोकळ्या गेटकडे बघितलं. मग म्हणाली, "गाडी अजून असती तर बरं झालं असतं. तिच्यावर लोटता आलं असतं."

"काय लोटता आलं असतं?"

"मला भीती वाटते."

"कशाची? उताराची? दुसऱ्या बाजूनं उतरू, मी धरतो तुला."

"तुम्ही धरता त्याचीच," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही माझा हात सोडला. कोणी धक्का मारला म्हणून नाही, घसरला म्हणून नाही. गाडीला मारायला सोडला."

मी खुर्चीवर बसलो. त्या दिवशीची हकीकत मी डॉक्टरिणीला फोनवर सांगितली होती, मुलीला सांगितली होती, बघायला घरी आलेल्या सेक्रेटरीलाही सांगितली होती. सगळ्यांना एकच सांगितलं होतं, की शेजाऱ्यांच्या गाडीमुळे ती पडली. बायको प्रत्येक वेळी तिथंच बसलेली होती आणि एकदाही मध्ये बोलली नव्हती.

"आता नाही सोडणार," मी म्हटलं. "शपथ घेतो. कुठलीही घे म्हण."

"तुमचं खोटं नाही म्हणत मी. मला कबूल आहे. पण पायाला कोण सांगेल? तुम्ही दंडाला हात लावला की तो उचलतच नाही."

मी तिला विनवलं, रागावलो, पुन्हा विनवलं. रडकुंडीला आलो, हेही लिहून टाकतो. तिनं फक्त एवढंच म्हटलं की शेजारणीला हाक मारा.

मी कुंपणाशी गेलो. जिच्या दारात उभं राहून पोलिसांची भाषा केली होती, तिला आता बाई, येता का जरा, असं म्हणायचं होतं. म्हटलं. ती हातातली परात तशीच ठेवून आली. बायको तिला काहीतरी हळू आवाजात म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "चाला काकू, मी हाये न. घाई नाई काई." खाली बसून तिनंच बुटांचे पट्टे आवळले, उजव्या हाताला काठी दिली, डाव्या बगलेत स्वतःचा खांदा घातला आणि दोघी व्हरांड्यातून निघाल्या. उजवा पाय, मग डावा. डावा पाय उचलला गेला. थोडासाच, पण उचलला गेला, मी डोळ्यांनी पाहिलं.

पोर्चच्या कडेला बायको जराशी डगमगली तसा माझा हात आपोआप पुढे गेला.

"तुम्ही नका," ती म्हणाली. "तिलाच धरू द्या."

मी हात मागे घेतला आणि गाडीचं दार उघडून बाजूला उभा राहिलो.